रात्री अकराची भूक

महाराष्ट्रात २०१८च्या आसपास एक नवाच पंक्तिभेद सुरू झाला. एका पंगतीत डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी होते. कडकडून भूक लागते त्या दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपायचं, मधल्या वेळात पाणी किंवा पातळ ताक यापलीकडे फारसं काही तोंडात टाकायचं नाही. दुसऱ्या पंगतीत ऋजुता दिवेकरांचे वाचक. दर दोन तासांनी थोडं थोडं, घरचं आणि हंगामातलं खायचं, तुपाला भ्यायचं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, डोंबिवली लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर माणसं एकमेकांना विचारू लागली, तुम्ही दीक्षित की दिवेकर? शेजारणीने आणलेला शिरा परत पाठवायला सभ्य कारण मिळालं.

वाद रंगला. पुष्कळांची वजनं उतरली, त्यातल्या काहींची पुन्हा चढली. दीक्षितांनी आपल्या पद्धतीचं श्रेय कायम नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांना दिलं. २००४ साली अपघातात गेलेल्या या चौफेर विद्वानाने खाणं आणि इन्सुलिन यांचं नातं आधीच मांडून ठेवलं होतं. दिवेकरांनी आजीच्या स्वयंपाकघराला तिची प्रतिष्ठा परत दिली, आणि झोपेची आठवणही त्या वाचकांना करून देत असतात. दोघांचंही ऋण मान्य करायला हवं. पण पंक्तींमधलं भांडण सगळं ‘किती वेळा खायचं’ याचंच राहिलं. दुपारी ज्या माणसाला दोन पोळ्या पुरतात त्यालाच रात्री अकराला फ्रिजचं दार का उघडावंसं वाटतं, हा प्रश्न ‘मनावर ताबा हवा’ एवढ्या उत्तरावर निकालात निघाला. त्या उत्तराशी भांडण काढायला हा संग्रह केला आहे.

संग्रहातल्या लेखांचा मुक्काम बहुतेक वेळा ठाण्याच्या कोलशेत परिसरात आहे, आणि त्यामागे केवळ संपादकाचा पत्ता हे कारण नाही. कोलशेतला एका अंगाला खाडी आणि कोळ्यांची जुनी वस्ती. मध्ये वायुदलाचं केंद्र. जिथं सँडोझचा, पुढे क्लॅरियंट झालेला रसायनांचा कारखाना होता त्या जमिनीवर आज लोढा अमाराचे मनोरे उभे आहेत. एकाच रस्त्यावर तीन पिढ्यांनी तीन वेगळ्या वेळा पाळल्या: कोळ्यांनी भरती-ओहोटीच्या, कारखान्यातल्यांनी पाळीच्या, आणि आता मनोऱ्यांतल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ग्राहकाच्या. झोपेशी तडजोड तिघांनीही केली. कोळ्याच्या आणि कामगाराच्या हाताशी मात्र अपरात्री वेफर्स नव्हते.

इथली एक नेहमीची संध्याकाळ बघा. बाई बीकेसीतून निघते, ठाणे स्टेशनला उतरते, शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहते, मेट्रोच्या बांधकामाने आक्रसलेल्या रस्त्यांवरून कापूरबावडी ओलांडते आणि आठच्या सुमारास घरात शिरते. पर्स सोफ्यावर. हात धुवून कुकर चढवते. आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभ्याउभ्याच फरसाणाच्या डब्यात हात घालत राहते, एकीकडे ऑफिसच्या गटावरचे निरोप वाचत. वरण-भात होतो तेव्हा भूक मेलेली असते. मग जेवण अर्धंमुर्धं, साडेनऊ-दहाला. मुलांचा अभ्यास, उद्याच्या डब्याची भाजी चिरून ठेवणं, आणि अकराला जरा टेकल्यावर पुन्हा काहीतरी गोड हवंसं वाटतं. या बाईला तुम्ही विचारलंत तर ती म्हणेल, ‘माझंच चुकतं, तोंडावर ताबाच नाही.’

तिच्या शरीरात त्या वेळी काय काय चालू असतं? दुपारचा डबा एकला संपलेला, म्हणजे पोट सात तास रिकामं. दिवसभराच्या ताणाचं कॉर्टिसॉल अजून पुरतं उतरलेलं नाही. आदल्या रात्रीची झोप पाच-साडेपाच तासांची. शिवाय घड्याळाचा एक डाव आहे, तो तिला कोणी सांगितलेला नसतो. फ्रँक शीर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली १२ जणांना अनेक दिवस मंद उजेडात, बाहेरच्या वेळेचा पत्ता लागू न देता ठेवलं आणि त्यांच्या भुकेचा आलेख काढला. जेवण आणि झोप यांचा परिणाम बाजूला काढल्यावरही भूक सकाळी आठच्या सुमारास सगळ्यात कमी आणि रात्री आठच्या सुमारास सगळ्यात जास्त भरली. गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची ओढही त्याच वेळी शिगेला. आपली बाई दारात शिरते ती नेमकी त्या शिगेवर. फरसाण तिथं केवळ निमित्तमात्र.

भुकेचं शास्त्र या घड्याळापर्यंत पोचायला बराच काळ गेला. आपल्याकडे चरकसंहितेने आहार आणि निद्रा यांना शरीराच्या तीन उपस्तंभांत शेजारी शेजारी बसवलं आहे. दडपू नयेत अशा १३ वेगांच्या यादीत भूक आहे, झोपही आहे. आणि आवरावेत अशा वेगांत लोभ, शोक, भय, क्रोध. हे वर्गीकरण बघताना चरकाला सगळं आधीच ठाऊक होतं असं म्हणायचा मोह होतो. तो मी आवरता घेतो, कारण त्यात प्रयोग नाहीत, मोजमाप नाही. पण भूक आणि झोप एकाच वाक्यात येण्याजोग्या गोष्टी आहेत ही जाण मात्र आधुनिक वैद्यकाला जवळजवळ विसाव्या शतकाच्या अखेरीस आली, हेही खरं.

आधुनिक वैद्यकाने सुरुवात पोटापासून केली. १९१२ साली वॉल्टर कॅनन यांचा विद्यार्थी वॉशबर्न याने चक्क एक फुगा गिळला, तो जठरात फुगवला आणि जठर आकुंचन पावतं त्याच वेळी भुकेची कळ येते हे दाखवलं. म्हणजे भूक पोटात. मग ती डोक्यात सरकली, आणि या टप्प्यावर एक भारतीय नाव येतं, जे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं तेवढं येत नाही. बाल कृष्ण आनंद हे लाहोरचे. येलमध्ये जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर काम करताना त्यांनी १९५१ मध्ये उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या दोन्ही कडेचा एक बारीकसा भाग निकामी केला. ते उंदीर समोर अन्न असताना उपाशी मेले. पोट शाबूत, तोंड शाबूत, फक्त खावंसं वाटणंच गेलं. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले आणि तिथं त्यांनी योग्यांच्या मेंदूतले विद्युत्-तरंगही मोजले. खाण्याची इच्छा आणि इच्छेवरचा ताबा, अशी दोन्ही टोकं एकाच माणसाने प्रयोगशाळेत आणावीत हे मला विलक्षण वाटतं.

त्यानंतरचा काळ निरोप्यांचा. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिन शोधलं. चरबीच्या पेशी हे हॉर्मोन सोडतात आणि मेंदूला कळवतात की साठा पुरेसा आहे. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांना जठरात घ्रेलिन सापडलं, ते उलट भूक चाळवणारं. लेप्टिनचं इंजेक्शन द्यावं आणि लठ्ठपणा जावा अशी आशा होती. अ‍ॅमजेन कंपनीने त्यासाठी दोन कोटी डॉलर मोजले. लेप्टिन जन्मतःच नसलेल्या विरळा मुलांवर त्याचा चमत्कार म्हणावा असा गुण आला, पण बाकीच्या जाड माणसांना फार काही उपयोग झाला नाही. त्यांच्या रक्तात लेप्टिन भरपूर होतं. मेंदूच त्याला दाद देईनासा झाला होता.

मनाचा अभ्यास करणारे एवढ्यात स्वस्थ बसले नव्हते. हिल्डे ब्रूख यांचं म्हणणं असं, की लहानपणी प्रत्येक रडण्यावर उतारा म्हणून खाऊ मिळालेल्या मुलाला पुढे भूक आणि दुःख यांतला फरकच ओळखता येत नाही. मला या विचारधारेत सगळ्यात शिकवणारा वाटतो तो हर्मन आणि मॅक यांचा १९७५चा प्रयोग. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला: कोणाला एक, कोणाला दोन, कोणाला काहीच नाही. मग ‘चव सांगा’ या बहाण्याने आइस्क्रीम पुढे ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. एरवी पथ्य न पाळणाऱ्या मुलींनी मिल्कशेक झाल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. नेहमी वजन सांभाळणाऱ्या मुलींनी उलट जास्त खाल्लं. एकदा नेम मोडलाच आहे तर आज होऊन जाऊ दे. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपण हसून म्हणतो; त्याची ही प्रयोगशाळेतली आवृत्ती. आणि ‘तोंडावर ताबा ठेवा’ हा सल्ला अनेकदा नेमका त्याच माणसांवर का उलटतो, याचा खुलासाही.

ताणाकडे येऊ. ताणाने भूक मरते की वाढते? दोन्ही. परीक्षेच्या दिवशी सकाळी घास उतरत नाही. त्याआधीच्या महिन्यात मात्र घरातले डबे रिकामे होतात. अचानक भीतीने शरीर पचन बाजूला ठेवतं. ताण रेंगाळला की कॉर्टिसॉल रेंगाळतं, आणि ते गोडाधोडाकडे, तळणाकडे ढकलतं. एलिसा एपल यांनी २००१ मध्ये दाखवलं, की ताणाच्या प्रसंगी ज्या स्त्रियांचं कॉर्टिसॉल जास्त चढतं त्या त्या दिवशी जास्त खातात. मेरी डॉलमन यांनी उंदरांवरच्या अभ्यासातून आणखी पुढचं सुचवलं: साखर आणि चरबी ताणाची यंत्रणाच काही अंशी शांत करते. म्हणजे फरसाणाने खरंच बरं वाटतं. हे कबूल केल्याशिवाय पुढचं बोलणं ढोंगी ठरतं. बॉसच्या फोननंतर मूठभर शेव खाणारा माणूस मूर्ख नसतो. मिळेल तो आणि स्वस्तातला इलाज तो करून घेत असतो.

झोपेचं प्रकरण सर्वांत नवं आणि सर्वांत वादाचं. शिकागोच्या कारीन स्पीगेल आणि ईव्ह व्हॅन कॉटर यांनी २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं. दहा तासांच्या रात्रींशी तुलना केली तर लेप्टिन १८ टक्के कमी, घ्रेलिन २८ टक्के जास्त, आणि भूक २४ टक्क्यांनी वाढलेली. आकडे इतके नेटके, की जगभरच्या मासिकांनी ते उचलले. ‘कमी झोप, जास्त घ्रेलिन’ हे आज व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतं. गोष्ट मात्र एवढी सरळ निघाली नाही. २०१३ मध्ये कोलोरॅडोतल्या अभ्यासात पाच दिवस पाचच तास झोपलेल्यांचं वजन सरासरी ०.८ किलोने वाढलं, रात्रीच्या जेवणानंतरचं खाणं वाढल्यामुळे. पण त्यांची हॉर्मोन्स सांगत होती की साठा पुरे आहे. मग खाल्लं का? त्याच वर्षी बर्कलीत रात्रभर जागलेल्या २३ जणांचे मेंदू तपासले गेले: विचार करून निवड करणारे भाग मंदावलेले, आणि चमचमीत पदार्थ दिसताच अमिग्डाला हा भावनांशी जोडलेला भाग अधिक उसळलेला. २०१६ मध्ये शिकागोच्याच एरिन हॅनलन यांना कमी झोपलेल्यांच्या रक्तात टू-एजी नावाचं द्रव्य दुपारनंतर जास्त वेळ चढलेलं आढळलं. भांगेचा अंमल मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) होतो त्याच ग्राहींवर हे काम करतं. धुळवडीला भांग घेतल्यावर जी खा-खा सुटते तिची सौम्य आवृत्ती जागरण फुकटात देतं, असं म्हणायला हरकत नाही.

थोडक्यात, अपुऱ्या झोपेनंतरचं खाणं पोटाच्या मागणीवरून कमी आणि मेंदूच्या हव्यासावरून जास्त होतं. केंट बेरिज यांनी डोपामिनच्या अभ्यासातून ‘हवं असणं’ आणि ‘आवडणं’ या दोन वेगळ्या यंत्रणा असल्याचं दाखवलं. अकराच्या भुकेत पहिली जोरात असते, दुसरी जेमतेम. अर्धं पाकीट संपल्यावर चव कशी होती हे आठवत नाही, त्याचं कारण तेच. दिलासा देणारा प्रयोगही आहे. एस्रा तसाली यांनी २०२२ मध्ये साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या ८० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ज्यांची झोप सरासरी १.२ तासांनी वाढवली त्यांचं खाणं, कुठलंही पथ्य न सांगता, दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी घटलं. साधारण एका वडापावाएवढं.

हा विषय मराठी वाचकापुढे आत्ताच का आणायचा? एक कारण आपल्या शरीरात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रं छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वरून सडपातळ, आतून चरबीदार, ही भारतीय ठेवण. पुण्याजवळच्या गावांतली बाळं साउदम्प्टनच्या बाळांहून सरासरी ८०० ग्रॅमने हलकी जन्मतात, तरी चरबी त्यामानाने राखून असतात, हेही याज्ञिकांच्याच गटाने दाखवलं. त्यामुळे ‘मी कुठे जाडा आहे, खाल्लं तर काय बिघडतं’ हे आपल्याकडे चालत नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावरचे असल्याचा अंदाज आहे.

दुसरं कारण बाजारात आहे. मराठी घरात मधल्या वेळचं खाणं नवं नाही; चारच्या चहाबरोबर पोहे, थालीपीठ, लाडू-चिवडा हे ठरलेलं होतं. वडापाव तर इच्छा आणि गाडी यांच्या मधल्या पाच मिनिटांतच जन्मला: १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी तो विकायला घेतला आणि पाळी सुटलेल्या गिरणी कामगाराने उचलून धरला. पण त्या खाण्याला एक वेळ होती आणि एक जागा होती. रात्री अकराला लहर आली तरी दुकान बंद असायचं. वीस मिनिटांत लहर ओसरायची. आता दहा मिनिटांत डिलिव्हरीवाला गेटवर असतो. लहर ओसरायला जो वेळ लागतो त्याच्या आत पदार्थ हातात पडतो. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत मनोनिग्रह कमी झालेला नाही, हे अंतर कमी झालं आहे. आणि येतं ते बहुधा पाकीटबंद. केव्हिन हॉल यांच्या २०१९च्या प्रयोगात २० जणांनी अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, पोषकद्रव्यांची मांडणी सारखी ठेवूनही.

तिसरं कारण इंजेक्शनचं. २०२५ मध्ये वजन उतरवणारी मौंजारो आणि वेगोवी भारतात आली. ती घेणारे सांगतात की डोक्यातली खाण्याची अखंड बडबड बंद झाली. जे आजवर स्वभावदोष म्हणून ऐकून घेतलं ते आठवड्याला एक सुई टोचून शांत होत असेल, तर तो स्वभाव होता की संदेश? हा प्रश्न त्या औषधाने कायमचा उभा केला आहे. मात्र सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोवीतलं औषध, थांबवलेल्यांचं उतरलेलं वजन वर्षभरात दोन-तृतीयांश परत आलं, हेही अभ्यासात नोंदलेलं आहे. आणि सुईने कोलशेत ते बीकेसी प्रवास काही कमी होत नाही.

यातूनच या पुस्तकाची मांडणी ठरली. इथं शरीरक्रियाशास्त्र आहे, पण सोबत वेळापत्रकं आहेत: रात्रपाळीचं, लोकलचं, दहावीच्या घराचं, सुनेचं आणि सासूचं. लेखकांचं सगळ्या बाबतींत एकमत नाही. दोन जेवणांच्या पद्धतीने रात्रीचं चरणं थांबलं असं म्हणणारे इथं आहेत, आणि त्याच पद्धतीने मिल्कशेकच्या मुलींसारखं झालं असं म्हणणारेही. मतं जुळवून घ्यायचा प्रयत्न मी केला नाही. एकाला लागू पडतं ते दुसऱ्यावर का उलटतं, हे त्या मतभेदातच दिसतं. वर सांगितलेले बरेचसे प्रयोग लहान आहेत, परदेशी आहेत, काही तर केवळ तरुण पुरुषांवरचे. म्हणून लेखकांना एक आग्रह केला होता: ‘सिद्ध झालं आहे’ हे शब्द जपून वापरा. तो सगळ्यांनी पाळला आहे असं नाही.

पाककृती इथं मिळणार नाहीत, कॅलरींचे तक्तेही नाहीत. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी इथलं वाचून जेवणाच्या वेळा परस्पर बदलू नयेत. साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो, डॉक्टरांशी बोलून मगच काय ते ठरवावं. आणि ज्यांच्या घोरण्यावर घरात विनोद होतात, जे दिवसा बसल्या जागी पेंगतात, त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. झोपेत श्वास अडकत असेल तर आठ तास अंथरुणात काढूनही शरीराच्या खात्यावर जागरणच जमा होत राहतं, आणि अशा माणसाला खाण्याविषयी कितीही शहाणपण सांगितलं तरी ते लागू पडण्याची शक्यता कमी.